आमच्या पिनकोडात लपायला जागा नाही: एचआयव्हीची ऑनलाइन सर्वेक्षणं करणाऱ्यांना खुले पत्र

समलिंगी, उभयलिंगी आणि तृतीयपंथी लोकांमधला एचआयव्हीचा धोका ऑनलाइन प्रश्नावल्यांनी मोजणारे संशोधक आणि त्या प्रश्नावल्यांना मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिट्यांचे सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, तुमच्यापैकी कोणीतरी केलेलं एक सर्वेक्षण मागच्या पावसाळ्यात आमच्या किनाऱ्यावर येऊन गेलं. कोणाचं ते लिहीत नाही. गेल्या काही वर्षांत अशी पाच-सहा तरी माझ्या हाताखालून गेली आणि खोडी बहुतेकांच्या त्याच, तेव्हा एकट्याला चावडीवर आणण्यात अर्थ नाही.

जुलै महिना होता. मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या, माणसं रिकामी. माझ्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून एक मित्र तुमचा फॉर्म भरत बसला होता. बाराव्या प्रश्नाला थांबला. प्रश्न होता, ‘गेल्या सहा महिन्यांत आपले एकूण किती भागीदार होते?’ त्याने बोटं मोजली आणि लिहिलं, दोन.

मी म्हटलं, ‘दोनच? मला काय सांगतोस.’

तो म्हणाला, ‘अरे, बोट तिघांत आहे ना. मी सोडून दोन.’

मी हसलो, मग तोही हसला. पण मी शेजारी नसतो तर ते ‘दोन’ तुमच्याकडे जमा झालं असतं आणि त्यावरून कोणीतरी सरासरी काढली असती. कोकणात भागीदार म्हणजे बोटीत, जाळ्यात नाहीतर आंब्याच्या बागेत पैसा घातलेला माणूस. गंमत म्हणजे तुमच्याच संमतीपत्रात, दोन पानं आधी, ‘आपली माहिती आमच्या भागीदारांना दिली जाऊ शकते’ असंही लिहिलं होतं. मित्राला मी दोन्ही वाक्यं एकाखाली एक दाखवली. त्याने फोन खाली ठेवला आणि मला चहा सांगायला लावला.

माझी ओळख करून देतो, म्हणजे हा कोण शहाणा असं वाटायला नको. माझं दुकान ऑनलाइन फॉर्मचं. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, लाडक्या बहिणींचे अर्ज, गणपतीच्या गाड्यांचं बुकिंग, झेरॉक्स, रिचार्ज. दिवसभर मी लोकांना प्रश्न वाचून दाखवतो आणि त्यांची उत्तरं रकान्यांत बसवतो. प्रश्न कुठे चुकलाय हे मला विचारणाऱ्याच्या आधी कळतं, कारण समोरचा माणूस माझ्या तोंडाकडे बघायला लागतो. आणि मी स्वतः पुरुषांवर प्रेम करणारा पुरुष आहे. वय एक्केचाळीस, लग्न केलेलं नाही. गावाला इतकंच माहीत आहे की माझी पत्रिका जुळत नाही.

तुमचं काम मला नको आहे असं समजू नका. उलट, आमच्यासारख्यांपर्यंत दुसऱ्या कुठल्या वाटेने तुम्ही पोचाल असं मला वाटत नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२१ च्या पाहणीत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ३.२६ टक्के आणि तृतीयपंथी व्यक्तींमध्ये ३.७८ टक्के आढळलं, तर देशातल्या एकूण प्रौढांमध्ये ते त्या वर्षी ०.२१ टक्के धरलं गेलं होतं. फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे. पण त्या पाहणीत जे पुरुष मोजले जातात ते मुख्यतः संस्थांच्या प्रकल्पांत नाव असलेले. मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्ट आहे, पुण्यात समपथिक आहे. तिथे कार्यकर्ता बागेत, स्टेशनच्या मुतारीपाशी जाऊन माणूस गाठू शकतो. आमच्याकडे ठरलेली बाग नाही की मुतारी नाही. आमच्याकडे फोन आहे. रात्री अकराला डेटिंगचं अॅप उघडलं की एक विनाचेहऱ्याचा चौकोन दिसतो, ‘८०० मीटर’, आणि मला आपसूक कळतं की हा वरच्या वाडीतला. गणपतीत चाकरमानी आले की आठवडाभर ती यादी लांबते, विसर्जनानंतर पुन्हा तीनचार चौकोनांवर येते. ही माणसं कुठल्याही प्रकल्पाच्या वहीत नाहीत. त्यांना गाठायचं तर लिंकच पाठवावी लागेल, हे मला पटतं.

आणि हे करता येतं. युरोपात २०१० साली ३८ देशांत, २५ भाषांत एकच प्रश्नावली चालवली होती आणि पावणेदोन लाखांच्या घरात पुरुषांनी ती भरली. पंचवीस भाषांत. आम्हाला एक मराठी धड मिळेना.

मराठीबद्दल आणखी थोडं बोलतो, मग सोडतो. ‘जन्मतः नियुक्त लिंग’ असं तुम्ही लिहिता. नियुक्ती तलाठ्याची होते, बाळाची नाही. ‘जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद केली की मुलगी म्हणून?’ असं विचारा, सगळ्यांना कळतं. ‘ग्रहणशील भूमिका’ (म्हणजे संबंधात घेणाऱ्याची बाजू) हे वाचून एकाने मला विचारलं की ग्रहणाचा इथे काय संबंध. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की माहिती सहभागी माणसाला समजेल अशा भाषेत द्यायची. कमिटीतल्या मंडळींनी मराठी लिपी बघितली आणि सही केली, असं मला दिसतं. ‘भागीदार’च्या जागी ‘ज्यांच्याशी शरीरसंबंध आले अशी माणसं’ लिहिलं असतं तर चार शब्द वाढले असते, एवढंच.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ती गोष्ट.

फॉर्मच्या वर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘हे सर्वेक्षण पूर्णपणे निनावी आहे.’ खाली रकाने होते पिनकोड, वय, शिक्षण, व्यवसाय, वैवाहिक स्थिती. नाव नाही, नंबर नाही. मी माझीच उत्तरं भरून पाहिली. पिनकोड आमचा. वय ४१. पदवीधर. अविवाहित. व्यवसाय, संगणक सेवा केंद्र. मग खुर्ची मागे सरकवून विचार केला की या पिनकोडात असा दुसरा कोण आहे. कोणीच नाही. शेजारच्या पिनकोडात एक आहे, पण तो बारावीपर्यंत शिकलेला आणि त्याला दोन मुली.

मुंबईतल्या एका पिनकोडात लाखभर माणसं मावतात. तिथे ‘४१, पदवीधर, अविवाहित’ म्हणजे लोकलच्या डब्यातला कोणीही. आमच्या पिनकोडात पाच-सहा गावं, त्यांच्या वाड्या, एक पोस्ट आणि सगळ्यांना ओळखणारा एक पोस्टमन. आणि गावात माणूस नावाने ओळखलाच कुठे जातो? ‘तो खालच्या वाडीतला, बीए झालेला, लग्न न केलेला’ हीच इथली ओळख. म्हणजे नाव सोडून बाकी सगळं तुम्ही घेतलंत आणि त्याला निनावी म्हणालात. त्याच ओळीत पुढे मी कोणाशी, कितीदा, कंडोम वापरून की न वापरता, माझी चाचणी झाली का आणि काय आली, हेही लिहिलेलं.

तुमच्यावर माझा अविश्वास नाही. पण ती एक्सेलची शीट कुठे कुठे जाते ते तुम्हालाही नक्की माहीत नसतं. मी स्वतः लोकांची कागदपत्रं हाताळतो. पेनड्राइव्ह कसे हरवतात, मेल भलत्याला कसे जातात हे मी रोज बघतो. इंटर्नशिपला आलेली एखादी मुलगी मूळची चिपळूणची असू शकते. अहवालातल्या तक्त्यात तालुक्याच्या नावापुढे ‘१’ छापलं गेलं की तो एक कोण याच्यावर पारावर अर्धा दिवस जातो. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. माझ्या मर्जीशिवाय माझी स्थिती कोणी उघड करायची नाही आणि अशी माहिती ठेवणाऱ्याने ती जपून ठेवायची, असं तो बजावतो. कायद्याचा आधार आहेच. पण वाडीत बातमी फुटल्यावर मी आधी कोर्टात जाईन की आईला तोंड कसं दाखवायचं याचा विचार करीन, हे तुम्हीच सांगा.

यावर एक शहरी तोडगा मी एका सर्वेक्षणात पाहिला, ‘पिनकोडचे पहिले तीनच आकडे लिहा.’ हेतू चांगला. पण ४१५ म्हणजे रत्नागिरीही आणि घाटावरचा साताराही. ४१६ म्हणजे सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर एकत्र. सह्याद्रीच्या दोन्ही बाजू एका पोत्यात भरल्या की हर्णैच्या बंदरावरचा मुलगा आणि कराडचा ऊसवाला यांची सरासरी निघते, ती दोघांच्याही उपयोगाची नाही. पिनकोड टाका. जिल्हा विचारा आणि ‘समुद्रकाठचं गाव की आतलं’ एवढंच विचारा. वय पाच-पाच किंवा दहा-दहा वर्षांच्या गटात घ्या. व्यवसायाचे मोठे गट करा. तक्त्यात पाचांपेक्षा कमी आकडा आला तर तो छापू नका, शेजारच्यात मिळवा. आरोग्याच्या आकडेवारीत हा रिवाज जुना आहे, माझा शोध नाही.

राहण्याच्या ठिकाणाचा प्रश्नही एकदा नीट बघा. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, कारण पुरुष मुंबईत. तो पुरुष फॉर्मवर नालासोपारा लिहितो. पण वर्षातल्या ज्या पंधरा दिवसांबद्दल तुम्हाला कळायला हवं ते त्याने इथे काढलेले असतात. उलटंही असतं. आंब्याच्या बागेतला नेपाळी राखणदार, बोटीवरचा नेपाळी खलाशी इथे आठ-आठ महिने राहतात, त्यांच्या भाषेत तुमची लिंक नसतेच. ‘तुम्ही कुठे राहता’ आणि ‘हे कुठे घडलं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

काळाचंही तसंच. ‘गेले सहा महिने’ कोणी मोजत नाही. सोपं करा, सणांवरून विचारा. गणपतीत विचारत असाल तर ‘शिमग्यापासून गणपतीपर्यंत’ असं विचारा. हिशेबाला जवळजवळ सहा महिनेच होतात आणि एकेक दिवस आठवतो. पालखी कुठल्या घरी होती ते सांगणाऱ्याला त्या रात्री आपण कुठे होतो तेही आठवतं.

लिंकवरून आठवलं. तुमची लिंक व्हॉट्सअॅपवर आली की तिच्याखाली आपोआप एक चौकट उमटते, चित्र आणि मथळा. तुमच्या चौकटीत इंद्रधनुष्याचा झेंडा होता आणि ‘पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांचे एचआयव्ही सर्वेक्षण’ असा ठसठशीत मथळा. माझा फोन काउंटरवर उताणा पडलेला, समोर एक काकू रेशनकार्डाची झेरॉक्स घ्यायला उभ्या. त्यांनी वाचलं की नाही, आजतागायत मला माहीत नाही. त्या दिवशी त्यांनी सुटे पैसे परत घेतले नाहीत, तेवढंच मला खटकत राहिलं. कदाचित विसरल्या असतील. पण महिनाभर त्या दिसल्या की माझ्या छातीत धस्स व्हायचं. तो मथळा ‘आरोग्य प्रश्नावली’ असा ठेवायला तुम्हाला एक मिनिट लागलं असतं.

दुसरा एक माणूस, त्याचं वर्णन करत नाही, लग्न झालेला आहे इतकं पुरे. त्याने तिसऱ्या प्रश्नावर ‘विषमलैंगिक’ निवडलं. म्हणजे मला विचारून निवडलं. मी सांगितलं, याचा अर्थ बायकांकडे ओढा असलेला. तो म्हणाला, मग मी तोच, मला बायको आहे. पडद्यावर आलं, ‘धन्यवाद, आपण या सर्वेक्षणासाठी पात्र नाही.’ तो खूश झाला. त्याला वाटलं आपल्याला धोका नाही असं डॉक्टरांनीच सांगितलं. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला, कारण त्याचं मला माहीत आहे. माणूस स्वतःला काय म्हणवतो यावर नव्हे तर काय करतो यावर विषाणू चालतो, म्हणूनच ‘पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष’ हा लांबलचक शब्द तुम्हा लोकांनीच घडवला ना? मग दारातच ओळख विचारून माणसाला परत का पाठवता? आधी घडलेलं विचारा. ओळख शेवटी विचारा, आणि नाही सांगितली तरी चालेल असं ठेवा.

‘नाही सांगितली तरी चालेल’ हा पर्याय तुमच्या बहुतेक प्रश्नांना नव्हता. लाल चांदणी, उत्तर दिल्याशिवाय पान पुढे जात नाही. सक्तीच्या रकान्यात काय भरलं जातं ते मला विचारा. आमच्या गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची जन्मतारीख आधारकार्डावर १ जून आहे. सगळे एका दिवशी जन्मले नाहीत. शाळेत घालताना तारीख पाहिजे होती, गुरुजींनी लिहून टाकली. तुमच्या आकड्यांतही असे १ जून भरलेले असणार, फक्त तुम्हाला ते ओळखू येत नाहीत.

आता चाचणीबद्दल. ‘आपण एचआयव्ही चाचणी का केली नाही?’ पर्याय असे: धोका वाटत नाही, केंद्र माहीत नाही, वेळ नाही, निकालाची भीती. मी हा प्रश्न चौघांना वाचून दाखवला आणि चौघांनीही विचारलं, ‘ते कुठेय?’ ते म्हणजे, ‘तिथे ओळखीचं माणूस आहे’ हा पर्याय. ग्रामीण रुग्णालयातलं आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही चाचणी आणि समुपदेशनाचं केंद्र, सगळ्यांना माहीत आहे. चाचणी फुकट आहे, समुपदेशन चांगलं होतं. पण केसपेपरच्या खिडकीत चुलतभावाची बायको बसते आणि बाकड्यावर शेजारीण ताप घेऊन बसलेली असते. म्हणून आमचा माणूस पहाटेची एसटी धरून दोन तालुके ओलांडून जातो, किंवा मुंबईला भावाकडे जातो असं सांगून निघतो, किंवा जातच नाही. हा एक पर्याय त्या यादीत घातलात तर जिल्ह्याच्या एड्स नियंत्रण पथकाला कळेल की नवीन बोर्ड लावून उपयोग नाही, वेळ आणि दार बदलायला हवं. नाहीतर तुमचा अहवाल म्हणणार, ‘ग्रामीण भागात जागृतीचा अभाव.’ हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की ते कोणी लिहितं की कारखान्यातून छापून येतं, असा संशय येतो.

बक्षिसाचं थोडक्यात. दोनशे रुपयांचं व्हाउचर देऊन मोबाईल नंबर घेतलात, तिथे निनावीपणा संपलाच. शिवाय गावातल्या एका पोराने, ज्याचा या विषयाशी काही संबंध नाही, तो फॉर्म सात वेळा भरला. मग तुम्ही कुलूप लावलंत: एका उपकरणावरून एकच उत्तर. झालं काय, की माझ्या दुकानातल्या संगणकावर एकाने भरला आणि मागून आलेल्या चौघांना ‘उत्तर आधीच नोंदले आहे’ असं दिसलं. इथे एका वायफायवर, एका फोनवर चार माणसं असतात, आणि मोबाईल कंपन्याही एकाच आयपी पत्त्यामागे, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच क्रमांकामागे, कैक गिऱ्हाइकं ठेवतात. खरी माणसं बाहेर गेली आणि सात फोनवाला पोरगा आत राहिला.

आमच्याकडे आठवडा बाजाराला येणारी एक तृतीयपंथी मैत्रीण आहे, वयाने माझ्याहून मोठी, मी तिला अक्का म्हणतो. तिच्याकडे बटणांचा फोन. तिला मी प्रश्न वाचून दाखवायला बसलो. ‘लिंग: पुरुष, स्त्री, इतर.’ ती म्हणाली, ‘इतर म्हणजे काय रे, किरकोळ?’ सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ ला तृतीयपंथी ही स्वतंत्र ओळख मान्य केली, त्याला किती वर्षं झाली ते मोजा. जन्माची नोंद काय आणि आज तुम्ही स्वतःला काय मानता, असे दोन प्रश्न ठेवले की काम होतं. आणि अक्कासारख्या, ज्यांच्या हातात तुमची लिंक उघडतच नाही, त्या तुमच्या आकड्यांत नाहीत हे अहवालाच्या पहिल्या पानावर लिहा, शेवटच्या तळटिपेत नको. ज्यांच्याकडे फोन, रेंज, थोडं शिक्षण आणि थोडी हिंमत आहे त्यांनीच उत्तरं दिलेली असतात. त्यावरून ‘कोकणात इतके टक्के’ असं लिहू नका.

एक गोष्ट मात्र मी मागण्यांत धरत नाही, ती तुम्ही करायलाच हवी. तुमच्या प्रश्नावलीत एकाने लिहिलं की परवा रात्री कंडोमशिवाय संबंध आला, समोरच्याचं काही माहीत नाही. पुढचं पान आलं, ‘आपली प्रगती ६४ टक्के.’ त्या माणसाकडे बहात्तर तास होते, त्यातले जवळपास चाळीस संपलेले. तेवढ्यात दवाखाना गाठला तर २८ दिवसांच्या गोळ्यांनी संसर्ग टळण्याची चांगली शक्यता असते. हे तुम्हाला माहीत होतं, त्याला नव्हतं. त्याच पानावर दोन ओळी आणि १०९७ हा फुकट हेल्पलाइनचा नंबर टाकायला काय हरकत होती? उत्तरांवर परिणाम होईल म्हणाल, तर होऊ दे. तो त्या दिवशी माझ्या दुकानात बसला होता म्हणून मी त्याला स्कूटरवर मागे बसवलं आणि जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. घाटीत पाऊस इतका की समोरचं दिसत नव्हतं. संध्याकाळी गोळ्या सुरू झाल्या. पुढे तीन महिन्यांपर्यंतच्या चाचण्या निगेटिव्ह आल्या. तुमच्या शीटमध्ये तो अजूनही ६४ टक्क्यांवर असेल, कारण फॉर्म त्याने पुरा केलाच नाही.

पुढची प्रश्नावली करायची असेल तर मसुदा मे महिन्यापर्यंत मराठीत तयार ठेवा आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या चार-पाच माणसांकडून, पैसे देऊन, आधी वाचून घ्या. जून-जुलैत चालवा. १ ऑगस्टला बोटी सुटल्या की आमची माणसं रेंजच्या बाहेर असतात, मग थेट गणपतीतच भेटतील. एका पानावर पाचांपेक्षा जास्त प्रश्न ठेवू नका आणि मधेच लाईट गेली तरी भरलेलं पुसलं जाणार नाही असं करा. निकाल आले की ते मराठीत, जिथून लिंक पाठवलीत तिथूनच, पाठवा. आजवर एकाचाही आलेला नाही.

या पत्राचं उत्तर असंच जाहीर द्या, मी वाचतो. दुकान, वय आणि लग्नाबद्दल वर जे लिहिलंय त्यात एक गोष्ट मुद्दाम बदलली आहे.

आपला,
एक फॉर्म भरणारा
(जिल्हा रत्नागिरी, समुद्रकाठ)